रिकाम्या रकान्यात 'नाही'

"नसन तं नसू द्या. पण असन तं आपल्याच जागी पायजे."

दिवसातून दहादा तरी ती हे म्हणायची आणि म्हणताना पेनाचं टोपण टेबलावर ठोकायची.

अहेरीच्या आमच्या कार्यालयात ती कंत्राटी ऑपरेटर होती, मी कायम कारकून. जंगलगावांतले लोक पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली जमीन नावावर व्हावी म्हणून दावे करायचे. त्या दाव्यांच्या एक्सएमएल फाइली, म्हणजे कम्प्युटरला वाचता येतील अशा ठरावीक साच्यातल्या, आम्ही वर पाठवायचो. फाइलीत काय असावं आणि कोणत्या क्रमाने असावं, हे स्कीमा नावाच्या नियमांच्या फाइलीत लिहिलेलं असे. आधी जंगलात शेती केली म्हणून वनखात्याने केलेल्या दंडाची जुनी पावती, मग नकाशा, मग म्हाताऱ्यांचा जबाब, शेवटी पूर्वजांच्या नावाने उभ्या केलेल्या दगडांचा फोटो. यातले दोन पुरावे असले तरी दावा चालतो.

एकदा एका दाव्यात पावती नव्हती. मी शहाणपणा करून जबाब वर ढकलला आणि पावतीच्या जागी बसवला. ती उसळलीच.

"भाऊ, चंद्रपूरच्या बसले वाटेत विनंती थांबा असते ना? कोणी हात नाई दाखवला तं बस थांबत नाई. पण म्हणून आलापल्लीच्या आधी आष्टी येते का?"

मी हसलो, पण स्कीमा मला तिथेच समजला. ज्यानं तो लिहिला होता त्याला मात्र समजला नव्हता. त्या दीडशहाण्याने क्रम ठरवला आणि सगळेच पुरावे सक्तीचे करून टाकले. एक पुरावा नसला की अख्खी फाइल परत. प्रत्येक पुराव्यापुढे 'कमीत कमी शून्य', म्हणजे नसला तरी चालेल, एवढंच लिहायचं होतं. तिने वर तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही.

साहेबांनी तोड काढली. "रिकाम्या जागी 'नाही' टाका. फाइल जाते."

"साहेब, पावती नसणं येगळं. तिथी 'नाही' लिहिलं का कम्प्युटर समजते, पावती आहे. उद्या तेच विचारतीन, दाखव म्हणून."

तिने टाकलं नाही. साहेबांनी रविवारी दुसऱ्या तालुक्यातला ऑपरेटर बोलावला आणि सगळीकडे 'नाही' भरून घेतलं. फाइली भराभर गेल्या. साहेबांना पुष्पगुच्छ मिळाला. असे सत्कार तुम्हीही पाहिले असतील. मी टाळ्या वाजवल्या, याची मला अजून चीड येते.

मग गावोगाव पत्रं गेली: आपण सादर केलेली पावती वैध नाही, दावा अमान्य.

एक गोंड म्हातारा पत्र घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. "मी पावती कवा देल्ली बाई? माह्याजवळ तं नोतीच."

दोन दगडांचा फोटो आणि गावातल्या चार म्हाताऱ्यांचा जबाब, एवढं त्याच्याजवळ होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. तिने त्याला खुर्चीत बसवलं. कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं की या माणसाने पावती दिलीच नव्हती, तिथला 'नाही' हा शब्द कार्यालयाने टाकला. खाली पूर्ण नावाने सही केली. अपिलाला साठ दिवसांची मुदत होती.

"भाऊ, तुमी बी करा. कंत्राटी बाईची एकटीची सही कोण मानन?"

"बघतो," मी म्हणालो.

तिने टोपण ठोकलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. "बघा."

मी काय बघणार होतो? साहेबांचा चेहरा, दुसरं काय! महिनाअखेरीस तिचं कंत्राट वाढवलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. खुर्चीवरची गादी आणि डबा घेऊन ती वडशाला, आपल्या गावी गेली. आम्ही तिला चहासुद्धा पाजला नाही.

महिना-दीड महिन्याने म्हातारा पुन्हा आला. तिच्या जागी नवा माणूस पाहून दारातच थबकला. मग माझ्याजवळ आला आणि तो कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"ते बाई कुठी गेली? अपिलाच्या हापिसात म्हणतेत, एक सही कमी हाये. कोणाची पायजे होती?"

"माझी," मी म्हणालो.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "मंग करा ना भाऊ," म्हणाला.

मी सही केली. मुदत तीन दिवसांपूर्वीच संपली होती.