मशीन मिळालं, आता स्टँड

मला राग लवकर येतो. माहेर वडगाव निंबाळकरचं, आणि तिथं आम्ही बहिणी सगळ्याच तिखट. लग्न होऊन इंदापुरात आले तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. नवरा शाळामास्तर, शांत माणूस. मी भांडायला लागले की हे चष्मा पुसत बसायचे.

त्या वर्षी भाद्रपदात मी बारामतीहून शिवणाचं मशीन आणलं. हातानं फिरवायचं, वर्षाच्या गॅरंटीचं. दुकानदार वयस्कर होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. लोखंडाची, माझ्या एकटीची अशी ती पहिलीच वस्तू. खंडेनवमीला माहेरी नांगर-कुऱ्हाडींची पूजा व्हायची, ती मी नुसती बघायची. आता माझंही अवजार होतं. मी मशीनला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं आणि मुठीमुठीनं अक्षता वाहिल्या.

“अगं, मशीन आहे ते, नवरदेव नव्हे,” हे हसून म्हणाले.

दिवाळीनंतर मशीन कुरकुरायला लागलं. दोरा सारखा तुटायचा. मी तेल घालून रेटत राहिले. मग एका नवरीच्या हिरव्या रेशमी खणाची चोळी शिवताना चाक मध्येच अडलं. मी जोर लावला. खाली काहीतरी कडकन मोडलं, सुई तुटली आणि खण ऐन छातीवर टरकन फाटला. नवरीची आई आली, खण उलटसुलट करून पाहिला आणि एक शब्द न बोलता घेऊन गेली. बोलली ती बाहेर, बाजारभर. आठ दिवसांत बायका शिवायला टाकलेलं कापड एकेक करून परत न्यायला लागल्या. लग्नसराई तोंडावर, आणि माझ्या घरात एक चिंधी उरली नाही.

मी मशीन बारामतीला नेलं. तात्यांनी ते आत नेऊन उघडलं; खालचा दोरा धरणारं शटल मोडलं होतं. तात्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. “ठिवून जावा, ताई. ह्ये नवं न्या,” म्हणाले आणि फळीवरचं कोरं मशीन काढून दिलं. दोन दिवस मी खूश होते. तिसऱ्या दिवशी डोकं फिरलं. मशीन मिळालं, पण गिऱ्हाइकं कुठं मिळाली?

“वस्तूच्या बदल्यात वस्तू मिळाली. आता आणखी काय मागणार?” हे म्हणाले.

“आणि माझं नाव गेलं, त्याचं काय?”

“त्याची गॅरंटी त्यांनी कधी दिली होती?”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच एस.टी.त बसले. लासुर्णे आलं तरी मनातल्या मनात वाक्यं जुळवतच होते. मला पायानं चालवायचा लोखंडी स्टँड हवा होता, फुकट. दोन्ही हात मोकळे झाले की दुप्पट काम होतं. खरं सांगायचं तर सणसर येईपर्यंत खणाचं दुःख मागे पडलं होतं. डोळ्यांपुढे फक्त स्टँड होता.

दुकानात एक शेतकरी जोडपं मशीन बघत होतं. बाई हरखून हँडल फिरवत होती. मला ते बरंच वाटलं. ऐकायला माणसं होती.

“तात्या, मशीन बदललं म्हंजी झालं व्हय?” भांडताना माझी बोली आपोआप माहेरची होते. “तुमच्या मशीननं नवरीचा खण फाडला. इंदापुरात मला कुणी चिंधी देत न्हाय. स्टँड द्या, न्हायतर दुकानाबाहेर उभं राहून सांगते समद्यांना!”

त्या बाईचा हात हँडलवरून निघाला. तिचा नवरा तात्यांकडे बघायला लागला. मला चेव चढला. खण कसा फाटला ते मी हातवारे करून सांगितलं. तात्या ऐकत होते. त्यांचा चेहरा उतरत गेला तसा माझा आवाज चढत गेला.

“ताई, जरा आत येता का?” ते हळूच म्हणाले.

स्टँड मिळाला, असं धरून मी ताठ मानेनं आतल्या खोलीत गेले. तात्यांनी टेबलाच्या खणातून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आत तांदळाचे चार दाणे होते. तेलात भिजून काळपटलेले, पण कुंकवाचा लाल रंग अजून ओळखू येत होता. एक दाणा चेपून सपाट झाला होता.

“तुमच्या मशीनमदी निघालं. शटलखाली,” तात्या म्हणाले. “ह्ये गॅरंटीत बसत न्हाय. कंपनी देनार न्हाय म्हनून ते मशीन मी माज्याकडनंच दिलं. पूजेच्या अक्षता हायत्या, म्हनून बोललो न्हाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “तात्या, मघाशी बाहेर का न्हाय सांगितलं?”

“चार मानसांत बाईमानसाला कसं सांगायचं?”

मी बाहेर आले. जोडपं पायरी उतरून पलीकडे उभ्या बैलगाडीकडे चाललं होतं. नवरा म्हणत होता, “पुण्यासनं आणू. हितलं नगं.” वीस पावलांवर होते. हाक मारली असती तर थांबले असते. मी पुडी मुठीत धरून उभी राहिले. ती बाई गाडीत चढली, तिनं एकदा दुकानाकडे वळून बघितलं, आणि गाडी निघून गेली. मग मी एस.टी.कडे वळले.

घरी आल्यावर मी पुडी यांच्यापुढे उघडली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, हे हसतील, नवरदेवाची आठवण काढून चिडवतील. यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

“त्या दोघांना सांगितलंस?”

मी चूल पेटवायला उठले.

ते दुसरं मशीन चाळीस वर्षं चाललं. हातानंच. खंडेनवमीला मी कुंकवाचं एक बोट फक्त झाकणाला लावायची. ते एकदाही बिघडलं नाही, त्यामुळे तात्यांच्या दुकानात पुन्हा जायला मला कधी कारणच पडलं नाही, असं मी लोकांना सांगते. कारण होतं.