आत्याचा म्हणून खाल्लेला लाडू

मुंबईच्या खोलीतल्या समद्या भोंगवलीकरांनो, पत्राला उत्तर द्यायचं असतं हे तुमी विसरलात. निदान म्हातारी अजून जिवंत आहे, एवढं तरी ध्यानात ठेवा. पोस्टमनला बसवून लिहून घेतेय, तवा मोठ्यानं वाचा.

आज माझी नात सोनी आली. माझ्या लेकीला, हौसाला, नवऱ्यानं हाकललं आणि पोर सासरी विंझरला ठेवून घेतली, हे तुमाला ठाऊक आहे. पंचांनी सांगितलं म्हणून चुलता तिला आजच्यापुरती भेटवायला घेऊन आला.

पोर उंबऱ्यातच थांबली. आईला म्हणाली, "तू मला टाकून गेलीस. आत्यानं सांगितलंय."

हौसानं नाचणीचा लाडू पुढं केला. प्रवासानं भुकेजलेली पोर, खाल्ला तिनं. म्हणते कशी, "असा सुंठीचा तिखट लाडू माझी आत्याच करते."

माझी जीभ शिवशिवली, पण हौसानं माझा पाय दाबला. म्हणाली, "आत्या लाड करते न्हवं? मग झालं तर."

तवा चुलत्यालाच राहवलं न्हाई. "सोने, ते लाडू तुझी आईच धाडते, दर बाजाराला. आत्या नुसता डबा उघडते."

पोर आईकडं बघत राहिली. मग सरकत सरकत येऊन तिच्या मांडीला टेकली.

लेक आहे माझी! एवढं सोसलं, पण पोरीसमोर सासरच्यांना एक वाकडा शब्द न्हाई. तुमच्यात कुणाला जमंल? मला तर न्हाई जमायचं.

दिवाळीला सोनी राहायला येते म्हणालीय. लाडवांसाठी चांगला खजूर धाडा, चुलत्याच्या वाट्याचासुद्धा.