हिरव्या पट्ट्यातला काटा

माणसाच्या शब्दापेक्षा मोजमाप अधिक विश्वासार्ह असतं, असं मी आयुष्यभर मानत आलो. मोजमाप दाखवणारं मीटर त्याच माणसाने बसवून दिलं होतं, ही बाब मला किरकोळ वाटली.

तो माझा शाळेपासूनचा मित्र. परभणीत त्याचं गॅरेज आहे आणि डिझेल गाड्यांची ताकद वाढवून देण्याबद्दल त्याची ख्याती आहे. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा दाबून भरतो. दाब वाढवला की गाडी पळते. फार वाढवला की पंखा सोसवेल त्यापेक्षा जोरात फिरतो आणि त्याचा दांडा ज्या तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, तो थरच टिकत नाही. मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे आम्ही एकमेकांना समजावून सांगितलं.

रोज आमच्या डिझेल गाडीने मी जिंतूरला उतरायचो, बायको तीच गाडी घेऊन पुढे चारठाण्याच्या शाळेत जायची. म्हणून गाडी त्याच्या हवाली करताना माझी अट एकच होती: कंपनीचा दाब एक बार आहे, सव्वाच्या वर जायचं नाही.

"येड्या, तुला मीटरच बसवून देतो," तो म्हणाला. "काटा हिरव्यात हाय तवर बिनघोर जा."

मीटर डॅशबोर्डवर गणपतीशेजारी बसलं. निघताना बायको गणपतीकडे बघायची, मी मीटरकडे. काटा हिरव्याबाहेर कधी गेला नाही. गाडी मात्र अशी पळू लागली की माझ्यासारखा माणूस ट्रक ओलांडायला लागला.

एकदा पेट्रोलपंपावर एका अनोळखी तरुणाने विचारलं, "तुमीच ते सर का? गॅरेजवाले भाऊ आमाला म्हणतेत, सरांसारखा भित्रा माणूस एवढ्या बूस्टवर गाडी चालवायलाय, मग तुमाला कशाची भीती?"

एवढ्या म्हणजे किती दाबावर, हे विचारायचं मला सुचलं नाही. लोक ओळखतात याचंच बरं वाटलं.

मग एका सकाळी झरीच्या पुढे टर्बोची शिटी चढत गेली आणि मध्येच तुटली. मागे निळसर धुराचा लोट उठला. गाडी ओढेना. मी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं.

"काटा हिरव्यात होता का?" बायकोने विचारलं.

"होता."

"मग उतरा."

झरीहून एक ट्रॅक्टर मेकॅनिक आला. टर्बोच्या दांड्याला बोट लावलं तर तो सैल दातासारखा हलला. मग त्याने मीटरकडे जाणारी रबरी नळी चाचपली. तिच्यात एक छोटा पितळी जोड होता आणि जोडाला सुईएवढं भोक.

"सर, निम्मी हवा हितूनच बाहेर जायलीय," तो म्हणाला. "काटा बिचारा काय दाखवील?"

गाडी ओढून परभणीला नेली. मी जोड मित्राच्या टेबलावर ठेवला.

"किती ठेवला होतास?"

"लय न्हाई." तो स्क्रूड्रायव्हर पुसत राहिला. "एक पॉइंट सात. तू घाबरला असतास, सर."

एकांतात त्याने मला सर म्हणायची ती पहिलीच वेळ.

"तिला तरी सांगायचं. जिंतूरच्या पुढे ती एकटी जाते."

"वहिनींना कशाला टेन्शन?"

शाळेपासून तो मला भित्रा म्हणायचा, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. आता कळलं की त्या भित्रेपणाचं त्याने गॅरेजसाठी प्रमाणपत्र करून घेतलं होतं, आणि मी पंपापंपावर ते मिरवत होतो. नवा टर्बो त्याने स्वतः बसवून द्यायची तयारी दाखवली. मी गाडी ओढून झरीच्या मेकॅनिककडे नेली. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

त्याची स्वतःची गाडीही टर्बोचीच आहे. तिचा दाब त्याने वाढवलेला नाही. वॉरंटी जाते.