व्याह्याची जिलबी

निजामाच्या अमलात, भोकरदनच्या बाजारात, आमच्या शेजारच्या दुकानी गुळाचा एक अडत्या बसायचा. ढेप आली की तो खडा फोडायचा, डोळे मिटून हुंगायचा, तोंडात टाकायचा आणि ओरडायचा, "बराबर हाय!" दिवसभर हेच. वर दुपारी तूप-साखर घातलेला भात, आणि मग गादीवरच लवंडणं. भाकरीला तो गड्यांचं खाणं म्हणायचा.

मग त्याच्या लघवीला मुंग्या लागल्या. हकिमांनी सांगितलं, गूळ-साखर बिलकुल बंद, ज्वारीची भाकरी खा, पायी फिरा. तेव्हापासून त्याच्या उपरण्याच्या टोकाला भाकरी बांधलेली असायची.

पण पोरीच्या लग्नात काय करणार? पंगतीत व्याह्यानं व्याह्याला गोड घास भरवायची रीत. नाकारला तर भर मांडवात रुसवा! व्याह्यांनी जिलबी उचलली, थेट त्याच्या ओठांशी नेली. सगळी पंगत थांबली.

त्यानं मनगटच धरलं. "थांबा, व्याहीबुवा! पयला घास पोरीच्या बापाचा!" आणि उपरण्यातली भाकरी मोडून त्यांच्या तोंडात कोंबली. "आता मला बी हीच भरवा. गोडानं मेलो तं नातवंडं कोन खेळवंल?"

व्याह्यांनी तो घास चावून खाल्ला. मग असे खदखदून हसले की काय सांगू! त्यांनी भाकरीच भरवली.

त्यांच्या हातातली ती जिलबी त्यानं घेतली, डोळे मिटून हुंगली आणि पंगतीत शेजारीच बसलेल्या माझ्या पानात ठेवली.

"खा जल्दी, अन् कशी झाली ते सांगा."

मी चावू लागलो. तो टक लावून माझ्या तोंडाकडं बघत होता.

"बराबर हाय!" मी ओरडलो.

तेव्हा कुठं त्यानं आवंढा गिळला.