सुवर्णाच्या कॉम्प्युटरची चार मिनिटं

भुताखेतांच्या अनुभवांच्या या धाग्यावर मी आजवर फक्त टवाळीच केली आहे. जुने सभासद ओळखतात मला. कुणी 'पांढरी साडी दिसली' म्हटलं की 'इस्त्रीवाल्याकडे विचारा' असं लिहिणारा तो मीच. नाशिकला सिडकोत माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. माझा हिशोब सरळ — करंट आला तर मशीन चालतं, नाही आला तर नाही. मध्ये भूत-बित काही बसत नाही. तेव्हा खाली जे लिहितोय त्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचून हसा.

माझी मावशी सायखेड्याला राहते. चांदोरीकडून गोदावरीचा पूल ओलांडला की गावात शिरता शिरताच तिचं घर, शेजारी पिठाची गिरणी. काका जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगी होती, सुवर्णा. हुशार पोरगी... घरीच कॉम्प्युटर घेऊन लग्नपत्रिका, बॅनर असली कामं करायची. तो कॉम्प्युटर मीच जोडून दिला होता. आठ वर्षांपूर्वी साध्या काविळीचं निमित्त झालं आणि पंधरा दिवसांत गेली.

मावशीला लिहिता-वाचता येत नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपल्याकडे बायका लक्ष्मीची पूजा मांडतात, पोथी वाचतात, ते तुम्हाला माहीत आहेच. मावशीला पोथी सुवर्णा वाचून दाखवायची. एका वर्षी तिला परीक्षेसाठी नाशिकला राहायचं होतं, तर तिनं अख्खी पोथी माईकवर वाचून रेकॉर्ड करून ठेवली. फाईलचं नाव 'आईसाठी गुरुवार', वर कमळाचं चित्र, म्हणजे मावशीला ओळखता यावं. सुरुवातीलाच ती खाकरते आणि विचारते, "आई, बसलीस का?" मावशी हातात अक्षता घेऊन म्हणते, "बसले गं." मग पोथी सुरू होते.

सुवर्णा गेल्यावरही दर वर्षी हेच चालू होतं. कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावायचं, बटण दाबायचं, कमळावर दोनदा टिचकी. तेवढंच तिला येतं. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा या बाईनं आधी कॉम्प्युटर माळ्यावर चढवला, मग गहू.

आता माझी अक्कल ऐका. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला मी 'बॅकअप घेतलाय का' म्हणून झापतो. आणि मावशीला सात वर्षं सांगत होतो, "येतो एक दिवस, कॉपी करून ठेवतो." तासाभराचा रस्ता आहे हो. नाही गेलो.

गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी सकाळी तिचा फोन आला. "प्रमोद, ते सुरूच व्हईना रे. बटन दाबलं, काहीच नाय. पूजा मांडून ठेवलीय मी. येतो का?"

दुकान बंद केलं आणि निघालो. बरोबर नवा पॉवर सप्लाय, रॅम, केबली, सगळं घेतलं. साडेअकराला पोचलो. चौरंगावर कलश, नारळ, पाच पानं... आणि मावशी उपाशी. मला बघून तिचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, "आला ना तू, आता झालं काम."

नाही झालं. आधी सॉकेट तपासलं, करंट होता. केबल बदलली. झाकण उघडलं तर आत बोटभर धूळ आणि सात वर्षांचं हळदीकुंकू. "मावशी, देवीला लाव ना, मशीनला कशाला?" म्हणून ओरडलोसुद्धा. ती म्हणाली, "सुवर्णाचं हाय ना ते." ब्रशनं साफ केलं, रॅम काढून खोडरबरनं घासली, सेल बदलला. बटणच बिघडलं असेल तर, म्हणून बोर्डावरच्या त्याच्या पिना स्क्रू ड्रायव्हरनं एकमेकींना टेकवून पाहिल्या. मग नवा पॉवर सप्लाय लावला. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. मदरबोर्डवरचे कपॅसिटर टम्म फुगलेले होते. बोर्ड गेला होता.

बोर्ड गेला तर जाऊ दे, आवाज हार्डडिस्कमध्ये आहे. डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली. टक्... टक्... टक्. या धंद्यातला माणूस तो आवाज ऐकला की ओळखतो, डिस्क मेली. तीनदा लावून बघितली, लॅपटॉपला दिसेचना.

मावशी दारात उभी होती. बावीस वर्षं हाच धंदा केला, आणि हातात काही म्हणता काही नव्हतं.

"मावशी, डिस्क घेऊन जातो. पुण्याला दाखवू," म्हणालो. डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळली, रबर लावला, बॅगेत टाकली. कॉम्प्युटरचं झाकण लावलं. त्याच्या आणि मॉनिटरच्या, दोन्ही करंटच्या वायरी काढून वेटोळी करून खिडकीत ठेवल्या. तेवढ्यात लाईट गेली. गिरणीची घरघर थांबली म्हणून लक्षात आलं. साडेतीन वाजले असतील.

यूपीएस म्हणाल तर त्याची बॅटरी जाऊन जमाना झाला, मावशी त्याच्यावर पोळपाट ठेवते.

मी मोरीत हात धुवत होतो. मावशी म्हणाली, "चालू होवो न होवो, कुंकू तर लावते." मी हो म्हटलं. आणि मागून तो आवाज आला... विंडोज सुरू होताना येतो ना, तो.

धावत आलो. हिरवा दिवा लागलेला, मॉनिटर चालू, स्क्रीनवर कमळ. मावशी मूठभर अक्षता घेऊन स्टुलावर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्क्रीनकडे बघून सवयीनं म्हणाली, "बसले गं," आणि माऊसकडे हात नेला.

मी तो हात धरला.

खरं सांगतो, त्या क्षणी वायरी, डिस्क, लाईट, काही म्हणजे काही डोक्यात आलं नाही. डोक्यात एकच — मरतं मशीन चालू झालंय, आधी कॉपी! "थांब मावशी, हात लावू नको! आधी कॉपी करू दे, मग जन्मभर ऐक." हात इतका जोरात ओढला की अक्षता कीबोर्डात सांडल्या. पेनड्राइव्ह लावला, फाईल टाकली. मोठी फाईल, जुनं मशीन. चार मिनिटं बाकी, म्हणून आलं.

चार मिनिटं मी तिचा हात धरून उभा होतो. ती दोनदा म्हणाली, "जरा लावू दे ना रे, नुसता आवाज." मी म्हणालो, "मावशी, अडकेल ते. झालंच आता." ती हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला आली. एवढंसं राहिलं होतं... आणि स्क्रीन काळी झाली.

"लाईट गेली का रे?" मावशीनं विचारलं.

हो म्हणणार होतो, तोच आजूबाजूला बघितलं. गिरणी बंदच होती. डोक्यावरचा पंखा बंद होता. खिडकीत दोन्ही वायरींची वेटोळी मी ठेवली तशीच होती. बॅग उघडली... वर्तमानपत्र, रबर, आत डिस्क.

पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून बघितला. त्यात फाईल होती. 'आईसाठी गुरुवार', कमळासकट. साईज शून्य.

"झाली का तुझी कापी?" मावशीनं विचारलं.

"झाली," मी म्हणालो. "पण दुकानात नेऊन नीट करावी लागेल, आत्ता लागायची नाही."

का म्हणालो, ते मला विचारू नका. तिचा चेहरा बघितला असता तर तुम्हीही तेच म्हणाला असतात. "मग असू दे, पुढल्या वर्षी ऐकीन," असं म्हणून तिनं कीबोर्डातल्या अक्षता एकेक करून वेचल्या. संध्याकाळी शेजारच्या लताबाईंनी पोथी वाचली. मावशीनं हात जोडून ऐकली.

डिस्क पुण्याला दाखवली. आतल्या तबकड्यांवर खोल चरे पडलेत, काहीही निघणार नाही म्हणाले. कॉम्प्युटर मी दुकानात आणला. वर्षभर रोज बटण दाबतो. वायर लावून, वायर काढून, डिस्क ठेवून, न ठेवता... दुकानातले लोक वेडा म्हणतात. एकदा कुंकूसुद्धा लावून बघितलं, आता काय लपवायचं. काही होत नाही. कुणाला याचं एखादं शास्त्रीय कारण सुचलं तर जरूर लिहा, मला एकही सापडलेलं नाही. पण खरं सांगू? मशीन कसं चालू झालं, याचं मला आता तेवढं वाटत नाही. कुणासाठी चालू झालं होतं, ते तर समोर दिसत होतं. आणि मी तिचा हात धरून ठेवला.

मार्गशीर्ष आता तोंडावर आलाय. परवा मावशीचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "प्रमोद, पहिल्या गुरुवारी ये बरं का ती कापी घेऊन. तू नुसतं लाव. मी आधीच अक्षता घेऊन बसते, म्हंजे तिला इचारायला नको."