कप हलवणारे साहेब

पहिल्या घोटालाच ते कप हलवायचे. ओमानमध्ये कहवा, म्हणजे तिथली कॉफी, देणारा तुमचा छोटा कप रिकामा दिसला की पुन्हा भरतो. पुरे झालं हे तोंडाने सांगायचं नसतं. कप मनगटातून किंचित हलवून परत द्यायचा. बाकीचे लोक दोन-तीन कप झाल्यावर हलवतात. आमचे साहेब पहिला संपतो न संपतो तोच, आणि सोबत ठरलेले शब्द: "खलास. यल्ला, चला पुढे."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, जो बसतो तो उठण्यासाठीच. आमचे तर इंग्लंडमधल्या एका लॉर्डांचे चिरंजीव. मस्कतच्या अझैबा भागात त्यांची पंप आणि पाइपांची कंपनी, मी तिथला अकाउंटंट. अर्धा प्रश्न ते माझ्या टेबलाशी विचारत, उरलेला दारातून.

"साहेब, उत्तर तरी ऐका."

"तू बरोबरच सांगणार. मग ऐकू कशाला?"

एकदा माबेल्याला आमच्या घरी जेवायला आले. ताट हातात घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारत त्यांनी वरणभात खाल्ला. शेवटी बायको मला म्हणाली, "अहो, बसा म्हणावं त्यांना. ताट कोणी पळवत नाही इथे."

मी तसंच सांगितलं. ते बसले आणि हसले. "आमच्याकडे पळवायचे. थोरला भाऊ होता ना."

मग कळलं की त्यांच्या घराण्यात घर, जमीन, लॉर्ड ही पदवी, सगळं थोरल्या मुलाचं.

"आणि धाकट्याला काय?" बायकोने विचारलं.

"शुभेच्छा," साहेब म्हणाले आणि पुन्हा उभे राहिले.

त्या शुभेच्छांवर ते तरुणपणी मस्कतला आले. एका ओमानी भागीदाराबरोबर कंपनी उभी केली, संसारही इथेच केला. पत्नी गेल्या, मुलगी शिकून कंपनीत आली आणि हळूहळू सगळा कारभार तीच बघू लागली.

गेल्या वर्षी थोरला भाऊ वारला. त्याला मूलबाळ नव्हतं. नको असलेली पदवी आणि गळक्या छपराचं ते अवाढव्य घर साहेबांकडे आलं. घरात त्यांची नव्वदी उलटलेली आई एकटीच.

मी स्पष्टच बोललो, "साहेब, या व्यवहारात जमेच्या बाजूला मला काही दिसत नाही. घर विका, आईंना इकडे आणा."

"आई त्या घरातून हलत नाही," ते खिडकीशी जाऊन म्हणाले. "आमच्यात हलायचं काम माझ्याकडे आहे."

त्यांच्या मुलीला विचारलं, पुढे हे सगळं तुझ्याकडे येईल का? लहानपणापासून ती मला अंकल म्हणते. "नाही अंकल, पदवी आणि घर चुलतभावाकडे. मुलीला मिळत नाही."

"मग तुला काय?"

"शुभेच्छा," ती म्हणाली. अगदी बापासारखी.

इंग्लंडला परत जायचं ठरल्यावर साहेबांचा पाय कुठेच ठरेना. सकाळी गोदामात, लगेच कुरुमला, तिथून पुन्हा गोदामात. दीड-दोन तासांवरच्या निझवाला काम काढून गेले आणि तिथे गाडीतून न उतरताच परतले. केबिनमधली खुर्ची त्यांनी आधी खिडकीकडे वळवली, मग भिंतीकडे, मग बाहेरच ठेवायला लावली.

निघायच्या दुपारी भागीदारांच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, आम्ही गालिच्यावर बसलो होतो. भागीदार गेली कित्येक वर्षं त्यांना चिडवत आले होते, "हा कहवा प्यायला येत नाही, कप हलवायला येतो." त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने कहवा ओतला. साहेब प्यायले. मी त्यांच्या मनगटाकडे पाहत राहिलो. मनगट हललं नाही.

भागीदारांनी दुसरा कप भरला. मग तिसरा. मग आणखी. साहेब मांडी घालून बसलेले, पाठ तक्क्याला टेकलेली. त्यांना इतका वेळ एका जागी मी कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी दारात येऊन उभी राहिली. सामान गाडीत चढलं होतं. "डॅड, विमान."

त्यांनी मान हलवली आणि कप पुढे केला. भागीदार प्रत्येक वेळी थोडा कमी ओतत राहिले.

तिने चपला काढल्या, आत येऊन वडिलांशेजारी बसली. मग त्यांच्या बोटांतून तिने कप सोडवून घेतला.

"खलास, डॅड," ती हळूच म्हणाली. "यल्ला."

आणि तिने तो हलवला.