आत्याच्या माशांचं लग्न

तळ्यावर तिला सगळे आत्या म्हणतात. तिच्यापेक्षा वयानं मोठा मुकादमसुद्धा. तळ्यात जाळीचे पिंजरे तरंगतात, पिंजऱ्यांत मासे वाढतात आणि त्यांना खाऊ घालणं हे आत्याचं काम. फळीवर उभी राहून ती डब्यावर पळी वाजवते. मासे उसळत येतात. मग गोळ्या फेकता फेकता ती त्यांना फैलावर घेते. "हळू! जन्मात कधी खाल्लं नाही का रे?"

साहित्य शिकून मी तिथं खाद्याची पोती मोजायला लागले. माझी आणि तिची लगेच गट्टी जमली.

मागे वादळात एक पिंजरा फाटला. शेकडो मासे तळ्यातून नदीत गेले.

नदी आत्याच्या दादाची. म्हणजे मालकीची नव्हे. पण त्याचं पोट नदीतल्या माशांवर, आणि जीवही. पिंजऱ्यातल्या माशांनी तिथं संसार थाटला तर नदीचं मूळ वाणच बिघडेल, असं तो म्हणाला. एवढं बोलून त्यानं बहिणीशी अबोला धरला. दोघांची घरं समोरासमोर. तिनं हाक मारली की तो मांजराशी बोलायचा. "सांग तिला, मला ऐकू येत नाही."

आत्या हसायची. पण तिचं जेवण कमी झालं होतं.

"अगं, कसला संसार थाटतायत!" ती मला म्हणायची. "आयतं खाऊन वाढलेली लाडावलेली कार्टी ही. डबा वाजल्याशिवाय भूक लागत नाही यांना. अंडी घालायला कोण शिकवणार? मुकादम?"

मलाही ते पटलं होतं.

विणीचा हंगाम आला. नदीच्या वरच्या अंगाला पाणी उथळ आहे, तळाला बारीक खडी. नदीचे मासे तिथं अंडी घालतात. दादा रोज तिथं जाऊन बसायचा.

"चल, त्याला दाखवू," आत्या म्हणाली. "आपलं एक पोर तिथं दिसायचं नाही."

दादा काठावर पालथा पडून पाण्यात बघत होता. आम्हाला पाहून त्यानं नुसतं बोट दाखवलं.

एक मादी कुशीवर होऊन शेपटीनं सपासप खडी उडवत होती. खड्डा करत होती. तिच्या शेपटीची कड झिजून गोल झाली होती, पिंजऱ्यात जाळीला घासून होते तशी.

"आमचीच," आत्या कशीबशी म्हणाली.

मादीला खेटून एक नर थरथरत होता. अंगानं सडसडीत, शेपटी धारदार. तो नदीचा.

मादी खड्ड्यावर स्थिरावली. तिनं तोंड वासलं. खडीवर केशरी दाणे पडले. ती सिमेंटच्या टाकीत जन्मली होती. वादळापर्यंत तिनं नदी पाहिलीसुद्धा नव्हती. मी बघतच राहिले.

आत्या तशीच पाण्यात घुसली. मादी सटकली. आत्याचा पाय घसरला आणि ती फतकल मारून नदीत बसली. बसल्या बसल्याच ती दोन्ही हातांनी खडी उपसायला लागली.

"दादा, चुकलं माझं. जमतं यांना. हे इथं राहायला नको. बोलू नकोस हवं तर, पण हात तरी लाव!"

दादा पाण्यात उतरला. तिच्या ओंजळीतल्या दाण्यांकडे त्यानं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मुलगी तुमची," तो म्हणाला. "मुलगा आमचा."

आत्यानं मान वर केली.

"बघताय काय, विहीणबाई? उठा. रुसवेफुगवे मागाहून करू. बादली कुठाय?"

आत्या इतकी हसली की अर्धी ओंजळ सांडली. त्यावरून तो ओरडला. मग तीही ओरडली. पुढचे कित्येक दिवस आम्ही तिघं खडी उपसत होतो. सगळी अंडी काही सापडली नसणार. ती दोघं मात्र दिवसभर भांडायची. मोठमोठ्यानं, पोटभर.